निंब सांगितला, निंबू आला

नंदाबाईबद्दल कोनी इचारलं त मी आधी एकच सांगते, बाई डोक्यानं गरम आहे. माह्याहून गरम. अन् माहा स्वभाव कसा आहे ते आमच्या मोहल्ल्यात कोनालेही इचारून पाहा. माही पिठाची गिरनी आहे. दिवसभर पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोला लागते, म्हनून माहं साधं बोलनंही भांडन वाट्टे. नंदाबाईचं तसं नाई. ती हळू बोलते अन् समोरच्याले घाम फुटते.

आमचं घर अन् तिचं घर समोरासमोर. सकाळी ती मले "जय भीम" म्हनते, मी तिले "जय सेवालाल" म्हनते, अन् मग दिवसभर एकमेकीची टर उडवतो. ती पुसदकडल्या बंजारा तांड्यातली. तिच्या आज्याचा आज्या बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरे म्हनते. मी कधी म्हनलं का नंदाबाई, तुमी त फिरस्ते लोक, या कोळशाच्या गावात काहून अडकल्या वं, त म्हने, "माह्या मानसांचं सातजन्माचं चालनं चालून झालं, इंदूबाई. आता मी जिथं बसली तिथून मले कोनी उठवून दाखवावं."

वणीत आमी राहतो म्हनजे कसं, एका अंगाले खान, दुसऱ्या अंगाले रेल्वेची सायडिंग, अन् मधल्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक. ट्रकवर ताडपत्री असते, पन नावाले. नंदाबाई शाळेत खिचडी शिजवते. गंजावरचं, म्हनजे पातेल्यावरचं, झाकन काढलं का वरून काळी भुकटी पडलीच. पोट्टे म्हनत, बाई, आज खिचडीत मिरे जास्त पडले. लेकरं हासत, पन तिचं डोकं फिरे. त्यात उन्हाळा आमच्या इकडचा, तुमाले सांगाले नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाई, अन् सावली म्हनाल त लाइटच्या खांबाची.

आमच्या घरांच्या अन् ट्रकच्या रस्त्याच्या मधात नगर परिषदेची एक लांब पट्टी पडून होती. गाजरगवत, पन्न्या, डुकरं. त्या पट्टीवरून हे सारं झालं.

ट्रकवाल्यांनी ती जागा पार्किंगसाठी मांगितली. त्याईचंही खोटं नव्हतं. बिचाऱ्यांचे ट्रक दूर हायवेच्या कडेले उभे राहत, डिझेल चोरीले जाये, टायर जात. नगर परिषदेच्या साहेबांनी समाज मंदिरात बैठक बोलावली. ट्रकवाल्यांच्या तर्फेनं सुनील बोलाले उभा राह्यला. हा सुनील म्हनजे त्याईचा म्होरक्या, तोंडानं तिखट पन मनाचा बरा. अन् त्याच्या बाजूले कोन बसलं होतं? नंदाबाईचा सोताचा पोरगा, बबलू. त्याचा सोताचा ट्रक आहे.

सुनीलचं झालं, लोकाईनं माना हालवल्या, साहेब "ठीक आहे" म्हनाच्या बेतात होते. तेवढ्यात नंदाबाई उठली.

"त्या जागेवर झाडं लावू," म्हने.

साहेब बाहेरगावचे, सभ्य मानूस. हासून म्हनाले, "बाई, मागेही लावली होती. फोटो निघाले, हार घातले, एका उन्हाळ्यात सगळी वाळली. तुमच्याच वस्तीतली गोष्ट आहे."

"तवा लावनारे परत गेलते. आमी कुठी जात नाई. दोन उन्हाळे द्या."

"आणि नाही जगली तर?"

"त मी सोता उभी राहून त्या जागेवर पहिला ट्रक लावून देईन. माह्या पोराचाच."

बाप्पा! बबलू उठला अन् कोनाकडे न पाहता निंघून गेला. त्या दिवशी संध्याकाळी त्याईच्या घरून आवाज आला, अन् मी काही कान लावून नव्हती बसली, गल्लीच अरुंद आहे. बबलू म्हने, "याडी, तू आपल्याच घराच्या मुळावर उठली." आईले ते लोक याडी म्हनतेत. नंदाबाई हळूच म्हने, "मुळावर उठली नाई रे, मुळं लावून राह्यली." पोरानं भिंतीवर मूठ आपटली. मग पोरगा आईसंगं बोलनासाच झाला.

मोहल्ल्यानं वर्गनी जमवली, खड्डे खनले. ठरलं का निंब लावाचा. आता आमच्या इकडे कडूनिंबाले कडूनिंब कोनी म्हनत नाई, नुसता निंब. दाट सावली, धूळ अडवते, फारसं पानी मांगत नाई. नंदाबाईनं कोनाकडून तरी नंबर घेतला अन् संत्र्याच्या पट्ट्यातल्या एका नर्सरीले फोन लावला. मी बाजूलेच होती.

"भाऊ, निंबाची रोपं पाहिजे. चांगली, जोमदार."

"बाई, निंबाची आमच्यासारखी रोपं जिल्ह्यात कोनाकडे नाई," तो म्हने.

"जगतीन ना?"

"पिढ्या खातीन, बाई."

पिढ्या 'खातीन' म्हनला, तवाच आमाले शंका याले पाह्यजे होती. पन नंदाबाई खुशीत. तिकडून बबलूचा ट्रक रिकामा परत येनार होता. आईशी अबोला होता, पन आईचं काम आहे म्हनल्यावर पोरानं नाई म्हनलं नाई, रोपं लादून आनली. एवढं मात्र खरं.

सकाळी सारा मोहल्ला जमा. ताडपत्री काढली. हिरवीगार रोपं. नंदाबाईनं एक उचललं अन् "आई गं!" करून हात झटकला. बोटातून रक्त.

"निंबाले काटा कवापासून आला वं?" मी म्हनलं.

तिनं पान चुरगाळलं, नाकाले लावलं. मले दिलं. मी वास घेतला.

"नंदाबाई, हे त निंबू आहे."

संत्र्यावाल्या मानसाले निंब म्हनलं का त्याले निंबूच आठवन, दुसरं काय आठवन? आपली जीभ अन् त्याचे कान, दोघाईच्या मधात आमचा निंब हरवला. समोरच्या बाजेवर नंदाबाईचा नवरा किसनसिंग बसला होता. ट्रक चालवून चालवून त्याचे टोंगळे, म्हनजे गुडघे, गेले, आता बाजेवर बसून राह्यते. तो म्हने, "चांगलं झालं, उन्हाळ्याले सरबत होईन." नंदाबाईनं त्याच्याकडे असं पाह्यलं का गडी तोंड फिरवून झोपला.

मी बबलूवर घसरली. "तू मुद्दामच आनले ना रे हे? तुले पार्किंग पाह्यजे ना?"

"मावशी, मले कोळसा समजते. झाड म्हनजे हिरवं ते हिरवं," पोरगा रडकुंडीले आला.

"त्याले काही बोलू नको," नंदाबाई म्हने. "फोन मी केलता."

गावभर झालं. नंदाबाई बाजारात गेली त लोक म्हनत, काय सरबतवाल्या बाई, दुकान कवा टाकता? सुनील त येऊन हात जोडून गेला, "काकू, तुमी लावाच निंबू. आमाले ट्रकले बांधाले निंबू-मिरची घरपोच होईन." साऱ्यात जास्त तमाशा केला उकंडाजीनं. उकंडाजी माहे शेजारी, सत्तरीचे, तोंड बंद करता येत नाई. "रस्त्यावर निंबूची ओळ? उद्या सारे देवर्षी अन् मांत्रिक इथंच याचे. करनीचा बाजार भरन!"

मी बोलली, "उकंडाजी, निंबू काय करते? भाजीवर पिळला त भाजी आंबट करते. अजून काय करते ते तुमी मले दाखवा."

पन रात्र कशी गेली असन बाईची ते मले समजलं. सकाळी शाळेत जाताना ती गिरनीवर आली, डोळे सुजलेले. "इंदूबाई, माही जीभच वैरीन झाली," म्हने. "सावली मांगितली अन् काटे आले. निंबू कमरेएवढा होईन, त्यानं काय धूळ अडते? काय सावली पडते?" मले खरंच वाईट वाटलं. मी म्हनलं, रोपं त आता आली, फेकून त नाई देता येत. ती तशीच शाळेत निंघून गेली.

दुपारी खिचडी वाढून झाल्यावर ती परत आली ती वेगळीच. पदर खोचलेला, नखात माती. शाळेच्या मागं जुना निंब आहे. त्याच्या खाली निंबोळ्या पडून आपसूक उगवलेली रोपं, वीतभर, हातभर, गवतावानी उभी. तिनं पाटीभर आनली होती, मातीच्या गोळ्यासकट.

"हे फुकटाचे निंब," म्हने. "अन् ते वर्गनीचे निंबू. जोडी लावू. रस्त्याकडून निंब, घराकडून निंबू, मधात बाज मावन एवढी जागा. एका घराले एक जोडी. निंब जगला त निंबूही तुहा, त्याची फळं तू खा. निंब मेला त..."

"मेला त?"

"त निंबू शेजाऱ्याचा."

मी पट्टा बंद केला. अवं, हे ऐकून मी हासली का रडली तेच आठवत नाई. तुमी आमचा मोहल्ला ओळखत नाई म्हनून सांगते. सावलीसाठी घागरभर पानी टाकनारा मानूस आमच्याकडे सापडनार नाई. सावली साऱ्याईची, मग पानी मीच काहून टाकू? पन आपल्यापायी शेजाऱ्याले निंबू फुकट मिळन? ते मरेपर्यंत होऊ देनार नाई. नंदाबाईनं मानसाची खोड बरोबर पकडली अन् त्या खोडाले निंब बांधला.

लागले झाडं. त्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यात भांड्याचं पानी नालीत गेलं नाई. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, आंघोळीचं, सारं झाडाले. माह्या जोडीले त मी गिरनीवर आलेल्या बाईच्या हातानंही पानी टाकून घेतलं; दळन नंतर, आधी तांब्याभर टाक. निंबूले कुंपन लागलंच नाई, काट्यापाशी ढोरं थबकत. निंबाले मात्र जुन्या साड्या, बारदानं, तुराट्या, ज्याले जे सापडलं ते बांधलं.

अन् उकंडाजी! त्याईचा निंब मेला. मेला म्हनजे पार खुंटी झाला, मी सोता पाह्यला. म्हनजे नियमानं त्याईचा निंबू माहा. मी मनात लोनचं घालून मोकळी झालती. दुसऱ्या दिवशी पाह्यते त त्या जागेवर हिरवा निंब उभा! रातोरात फुटला म्हने. अहो, मेलेल्याले पालवी एका रात्रीत? मी नंदाबाईकडे गेली, हा चोर आहे, शाळेमागून दुसरा आनून लावला, निकाल दे. ती येऊन वाकून पाहून आली अन् म्हने, "उकंडाजी, तुमच्या हाताले माती लागली आहे, धुवून टाका." अन् मले म्हने, "जगला ना? मग झालं. मले निंब पाह्यजे, इमानदारी नाई." असली बाई! मले लोनच्याचा राग येऊन राह्यला, पन आत कुठी तरी तिचा अभिमानही वाट्टे.

नंदाबाईनं आपल्या घराची जोडी सुनेच्या नावानं लावली. ममता सून गरीब, सासू अन् नवऱ्याच्या मधात बिचारी झाडाले पानी टाकून घे. बबलू येता-जाता त्या झाडाकडे असा पाहे, जसं उधारी मांगाले आलेल्या पाव्हन्याकडे पाहतेत. दुसरा उन्हाळा लागता लागता हायवेवरून त्याच्या ट्रकची बॅटरी चोरीले गेली. पोरगा गल्लीत येऊन ओरडला, "हे तुहे झाडं, याडी! हे खाऊन राह्यले मले!" सारा मोहल्ला दाराशी.

नंदाबाई उत्तर देते म्हनून मी वाट पाह्यली. ती आत निंघून गेली. संध्याकाळी गिरनीवर येऊन पोत्यावर बसली.

"माह्या पोराची तकलीफ खरी आहे, इंदूबाई. माहीही खरीच आहे. दोन्ही खरं असलं त बाईनं काय करावं?"

मी तिचं पीठ बांधून दिलं. तिच्या डोळ्यात पानी होतं अन् मले तिच्याहून जास्त रडाले येऊन राह्यलतं.

मे महिना सरत आला अन् साहेब आले. संगं सुनील अन् ट्रकवाले. बबलूही होता, मागं. दोन दिवसांपासून गरम हवा सुटलती, सायडिंगवरची सारी भुकटी उडून आमच्यावर. साहेबांनी जीपमधूनच पट्टीकडे नजर टाकली. निंब काळे, निंबू काळे, जसे कोनी काजळीनं लिपले असन.

"हे तर वाळलेलं दिसतंय," साहेब म्हनाले.

"म्हनून राह्यलो ना, साहेब," सुनील.

नंदाबाईचं तोंड उतरलं. मग ती जीपपाशी गेली. "खाली उतरा."

"बाई, मला दिसतंय..."

"बसून नाई दिसत. उतरा."

साहेब उतरले. नंदाबाईनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं अन् निंबाची एक डहाळी वरपासून खालपर्यंत पुसली. खालून असा हिरवा रंग निंघाला का डोळ्याले गार वाटलं. साहेब पाहत राह्यले. मग ममता बालटी घेऊन आली. मग मी. मग उकंडाजी, धोतराच्या सोग्यानं! अवघी गल्ली ओले फडके घेऊन उभी. एक एक झाड काळ्याचं हिरवं होत गेलं. मानसापेक्षा उंच निंब, अन् निंबूले बारीक बारीक फळं धरलेली.

सुनीलले ते पटलं नाई. "धुतलं त काय झालं, साहेब. सारा तमाशा आहे. अर्धे त नवीन आनून लावले असतीन." ते बोलनं उकंडाजीले लागलं, पन ते पानं पुसत राह्यले, शहानपन केलं.

साहेबांनी आजूबाजूले पाह्यलं. मग त्याईची नजर बबलूवर गेली. "तुम्ही याच गल्लीत राहता ना? ट्रकही तुमचा आहे. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? तुम्ही सांगा. जगली आहेत की नाहीत?"

बबलूच्या एका शब्दावर होतं सारं. सुनीलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नंदाबाई पोराकडे पाहून म्हने, "खरं असन ते सांगजो. माहा इचार करू नको."

बबलूनं साहेबांकडे पाह्यलं.

"जित्ते आहेत, साहेब," म्हने. "मी रोज पाहून राह्यलो. खरं सांगतो, मरतीन म्हनून वाट पाहून राह्यलतो. दोन उन्हाळे वाट पाह्यली. मेले नाई."

सुनीलनं हात काढून घेतला. साहेब म्हनाले, "ठीक आहे. जागा झाडांची."

गल्लीत एकच गलका झाला. पोट्टे नाचले, कोनी तरी गुलाल शोधाले पळालं, किसनसिंग बाजेवरून उठून उभा राह्यला, टोंगळे विसरून. मी नंदाबाईले मिठी मारली. पन तिचं लक्षच नव्हतं. साहेब जीपमध्ये बसले होते, गाडी सुरू झालती. ती माह्या मिठीतून सुटली अन् जाऊन जीपचं दार धरलं.

"थांबा. काट्याच्या मागं, जिथं ट्रक वजनाले थांबतेत, तिथं पडीक जागा आहे. ती या लोकाईले पार्किंगले द्या. लाइट लावा, रात्रीचा चौकीदार द्या."

"बाई, तो वेगळा विषय आहे," साहेब म्हनाले. "तुमचं काम झालं ना?"

"झालं. मघाची नंदाबाई झाडाची होती, ती गेली," ती हळूच म्हने. "आता बोलून राह्यली, ती बबलूची याडी आहे."

साहेबांनी ड्रायव्हरले गाडी बंद कराले सांगितली.